एमबीए विभागाचं मिशन पुन्हा लिहिताना

आमच्या विभागाच्या दारालगत काळ्या ग्रॅनाइटची एक पाटी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत व्हिजन आणि मिशन कोरलेलं, इंग्रजीत. नऊ वर्षं मी त्या पाटीसमोरून वर्गावर गेले. मराठीत सांगायचं तर मिशन असं होतं : 'मूल्याधिष्ठित, नवोन्मेषी आणि जागतिक दर्जाचं नेतृत्व घडवून समाजाच्या शाश्वत विकासाला हातभार लावणं.' गेल्या वर्षी एनबीएच्या, म्हणजे अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मूल्यांकनाची तयारी सुरू झाली आणि एचओडी सरांनी हे वाक्य तपासायचं काम मला आणि ऑपरेशन्स शिकवणाऱ्या आमच्या कन्नड सरांना दिलं. "पंधरा दिवसांत आटपा," म्हणाले. आम्हाला साडेचार महिने लागले. बेळगावसारख्या गावात व्यवस्थापन शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मला त्या साडेचार महिन्यांत कळलं.

एनबीएच्या स्वमूल्यमापन अहवालातला पहिलाच निकष व्हिजन, मिशन आणि कार्यक्रमाच्या शैक्षणिक उद्दिष्टांचा असतो. मिशन काय आहे, ते कुठं लावलंय, ते ठरवताना कुणाकुणाला विचारलं, आणि उद्दिष्टं त्याच्याशी जुळतात का, एवढंच त्यात विचारतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाटीचा फोटो लावून देता येतात. तिसऱ्याला आम्ही अडलो. जुन्या फायलीत बैठकीचा कागद सापडला, त्यावर सह्या होत्या. चर्चेची एकही ओळ नव्हती.

आधी इतर संस्थांची मिशनं वाचली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये निघालं, लोखंड आणि निकेलच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून. पदवीनंतरचं व्यवस्थापन शिक्षण डार्टमथच्या टक स्कूलनं १९०० मध्ये सुरू केलं आणि एमबीए हे नाव १९०८ मध्ये हार्वर्डमधून आलं. हार्वर्डचं मिशन आज एका ओळीचं आहे : जगात फरक पाडतील असे नेते शिकवून तयार करणं. वाचायला भारदस्त वाटतं, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतंही. पण आमच्या पाटीवरचं वाक्य याच वाक्याची लांबवलेली नक्कल होती. ज्यांच्याकडं जगभरातून मुलं येतात, त्यांनी जगाचं बोलावं. आमच्याकडं मुलं खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीहून लाल बसनं येतात.

वाचता वाचता एक गोष्ट कामाची सापडली. एएसीएसबी ही व्यवस्थापन शाळांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था १९१६ ची. तिनं १९९१ मध्ये निकष बदलले आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजण्याऐवजी प्रत्येक शाळेनं स्वतः ठरवलेल्या मिशनवरून तिला जोखायचं ठरवलं. म्हणजे तुम्ही कशासाठी आहात ते आधी सांगा, मग ते करता का ते आम्ही बघतो. हे वाचल्यावर आमच्या पाटीची मला काळजी वाटायला लागली. त्या वाक्यावरून कुणी आम्हाला जोखायला बसलं असतं, तर आम्ही काय दाखवणार होतो?

कन्नड सर कमी बोलतात. मी त्यांना वाक्याचं मराठी करून दाखवलं आणि कन्नड करायला सांगितलं. त्यांनी पेन्सिलीनं लिहायला घेतलं. 'जागतिक मट्ट', म्हणजे जागतिक दर्जा, इथवर आले, थांबले, पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "यार सलुवागि री मॅडम?" कुणासाठी?

इंग्रजीत त्या वाक्याला कर्ता नव्हता, कुणासाठी हेही नव्हतं, तरी ते उभं राहत होतं. मराठीत आणि कन्नडात ते उभंच राहीना. 'नेतृत्व घडवणं' म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कुणाचं? 'स्टेकहोल्डर्स'साठी तर मला शब्दच मिळेना. भागधारक म्हटलं की शेअरवाले होतात, हितसंबंधी म्हटलं की कोर्टकचेरीचा वास येतो. शेवटी मी नुसती यादी लिहिली : मुलं, त्यांचे आईवडील, त्यांना कामावर घेणारे, शिक्षक. यादी लिहिल्यावर तो शब्द लागलाच नाही. तिथून आम्ही नियम केला. जे वाक्य मराठीत आणि कन्नडात घरातल्या माणसाला सांगता येणार नाही, ते इंग्रजीतही ठेवायचं नाही. आणि प्रत्येक शब्दाला विचारायचं : तुला काढलं तर उद्याच्या वेळापत्रकात काय बदलेल? 'नवोन्मेषी' काढल्यानं काही बदलत नव्हतं. 'शाश्वत'ही गेला. 'मूल्याधिष्ठित'वर सर अडून बसले. मग त्यांनीच त्याच्या जागी 'हिशेबाला खरे' असं लिहिलं. मला ते फार आवडलं.

त्याच सत्रात एक तोंडी परीक्षा झाली, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चिकोडीकडची मुलगी होती. मी विचारलं, वर्किंग कॅपिटल म्हणजे काय? तिनं इंग्रजीत पाठ केलेली व्याख्या म्हटली, चालू मालमत्ता वजा चालू देणी. एखादं उदाहरण दे म्हटल्यावर गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. बाहेरून आलेले परीक्षक पुढचा प्रश्न काढायला लागले होते. मी म्हटलं, "घरी ऊस आहे ना गं? मराठीत सांग. ऊस गेल्यापासून पैसे हातात येईपर्यंत घर कसं चालतं?"

तिनं ओढणी सोडली. सोसायटीचं पीककर्ज कधी उचलतात, खताच्या दुकानात उधारी किती दिवस चालते, तोड डिसेंबरात झाली तर वाहतूकदाराला आणि टोळीला रोख कसं द्यावं लागतं, बिल लांबलं की दुधाच्या पगारावर किराणा कसा भागवायचा, बाबा कुठली देणी आधी भागवतात आणि का, हे ती सात-आठ मिनिटं सांगत होती. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, हेही तिला ठाऊक होतं. आणि त्यांच्या कारखान्याकडून ते व्याज घरी कधी आलं नव्हतं, हेही. रोख पैशाचं सगळं चक्र तिनं तारखांसकट मांडलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तिला पुढचा प्रश्नही मराठीतच विचारला.

दोन वर्षं आम्ही तिला जे शिकवत होतो, ते तिला येत होतं. ते तिला येतं, हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. इंग्रजी शिकवू नये असं मी म्हणत नाही. ते आलंच पाहिजे, तिला पुढं त्यातच अहवाल लिहायचेत. पण सुरुवात कुठून करायची, ते शिक्षकाच्या हातात असतं. त्या दिवशी घरी जाऊन मी वहीत एक तुकडा लिहिला, 'त्यांना येणाऱ्या भाषेतून सुरुवात करून'. पुढं मिशनमध्ये सगळ्यात जास्त वाद याच तुकड्यावर झाला.

मग बाहेरची माणसं बोलावली. आम्हाला भाषण नको होतं, तक्रार हवी होती. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतले एक फौंड्रीवाले काका आले, एका पतसंस्थेचे सचिव आले, वडगावात चार पॉवरलूम चालवणाऱ्या एक ताई आल्या, दोन माजी विद्यार्थी आणि तीन पालक. शनिवारी दुपारी, चहा आणि मंडोळ्या. पहिला अर्धा तास सगळे छान छान बोलले. मग काकांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, माल गेला की पैसं कधी येतंय, ते मला कुणीतरी कागदावर मांडून द्यायला पाहिजे की ओ. मागं तुमचा एक पोरगा आला होता प्रोजेक्टला. दीड महिना बसला आणि स्वॉट अॅनालिसिस देऊन गेला. चांगलं केलं होतं त्यानं, खरं मी त्याचं काय करू?"

आमच्या बेळगावी मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं.

काकांचा तो प्रकल्प, बलस्थानं-उणिवा-संधी-धोक्यांचा तो स्वॉट, माझ्याच मार्गदर्शनाखाली झाला होता. मी वहीत लिहून घेतलं. पुढं ते जे बोलले ते मी वर्गात आजही शिकवते. त्यांच्या शेडमध्ये भट्टीची एक हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची एक खेप, निघाली की वाळू, कोअर, वीज, मजुरी सगळं रोखीत जातं. कास्टिंग पुण्या-कोल्हापूरच्या कंपनीला जातं आणि पैसे नव्वद-शंभर दिवसांनी. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा सांगतो की लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात नवीन कलम आलं, ४३बी(एच), ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. त्यानुसार असे पैसे वेळेत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. काकांना यातलं निम्मं माहीत होतं. त्यांच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर मात्र छापलेला नव्हता. म्हणजे समोरच्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला हे बिल लहान उद्योगाचं आहे, हे दिसतच नव्हतं. एमबीएच्या मुलानं दीड महिन्यात नुसती ही एवढी गोष्ट पकडली असती, तरी काकांच्या धंद्याला ती उपयोगी पडली असती.

पतसंस्थेचे सचिव त्याहून शांत बोलले. त्यांची अडचण कायद्याची. इथली संस्था कर्नाटकच्या १९५९ च्या सहकारी संस्था कायद्याखाली असू शकते, १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली असू शकते, आणि चंदगड-गडहिंग्लजला शाखा काढायची तर २००२ च्या केंद्राच्या बहुराज्य कायद्याकडं जावं लागतं. ठेवीदार अलीकडं, त्याचा जावई पलीकडं, कर्जाचा जामीनदार तिसरीकडं. "तुमच्या पुस्तकात यातलं काय आहे?" त्यांनी विचारलं. काहीच नव्हतं. आमच्या पुस्तकांत सहकार दोन पानांत उरकतो. ज्या जिल्ह्यात साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था गावागावात आहेत, जिथं हुक्केरीत १९६९ पासून विजेचं वितरणसुद्धा ग्रामीण सहकारी संस्था करते, त्या जिल्ह्यातल्या व्यवस्थापन विभागात सहकाराला दोन पानं. मला याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

वडगावच्या ताई शेवटपर्यंत फारशा बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, की मुलं सर्वेक्षणाला येतात, फॉर्म भरून घेतात, परत कुणी येत नाही. त्या रात्री मला जवाजा आठवलं. आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये संचालकपद आपणहून सोडलं, तिथंच प्राध्यापक म्हणून राहिले आणि १९७५ पासून राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर काम करायला लागले. ते तिथं परत परत गेले. आणंदला १९७९ मध्ये व्हर्गिस कुरियन यांच्या पुढाकारानं इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, तीही सहकारी संस्थांना व्यवस्थापक हवेत म्हणूनच. आपल्या देशात हे आधी झालेलं आहे, आणि मोठ्या माणसांनी केलेलं आहे. आम्ही नवीन काही मागत नव्हतो.

इथवर मला वाटत होतं की वाक्य जमलं. 'सीमाभागातल्या लहान उद्योगांसाठी आणि सहकारी संस्थांसाठी व्यवस्थापक तयार करणं.' मसुदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरून निपाणीचा एक मुलगा उठला. अभ्यासात बरा, फारसा न बोलणारा.

"मॅडम, माझी आई विड्या वळते. माझ्या लहानपणापासून वळते. मी एमबीए केलं ते पुण्याला जायला. तुम्ही लिहिलंय त्यात मी इथंच राहायचंय काय?"

वर्गात कुणीच काही बोललं नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं. विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, ते मी निपाणीला पाहिलंय. सूप मांडीवर, पान भिजवायचं, कातरीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, आणि हजार विड्या झाल्याशिवाय दिवस संपत नाही. त्या मांडीवरच्या सुपातून या मुलाची फी भरली गेली होती. त्याला गावाच्या भल्यासाठी इथं थांब म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? पुण्याची नोकरी त्या घरासाठी नुसतं पॅकेज नव्हतं, आईच्या मांडीवरचं सूप खाली ठेवायची ती सोय होती. आणि पालकांच्या बैठकीतही तिन्ही पालकांनी पहिला प्रश्न प्लेसमेंटचाच विचारला होता. आम्ही तो थोडा खालच्या दर्जाचा प्रश्न मानून पुढं गेलो होतो. ते चुकलं होतं.

सर आणि मी दोन आठवडे यावरच भांडलो. त्यांचं म्हणणं, विभाग इथल्या जमिनीवर, इथल्या लोकांच्या पैशावर उभा आहे, तर आधी इथलं बघावं. माझं म्हणणं, मुलं म्हणजे आपण गावाला पुरवायचा माल नव्हे. शेवटी वाक्याचा क्रम बदलला आणि भांडण मिटलं. कुठं नोकरी करावी, हे मिशननं सांगायचंच नाही. कशावर शिकवणार, ते सांगायचं. शिकायला काकांची फौंड्री, सचिवांची पतसंस्था, ताईंचे माग. त्यावर जो तयार होईल, त्याला पुण्यात आणि बंगळूरमध्येही धंद्याचा पैसा कुठं अडकतो ते दिसेल. मसुदा असा झाला :

'बेळगाव आणि सीमाभागातले लहान उद्योग, सहकारी संस्था आणि शेतीवर चालणारे व्यवसाय हीच आमची प्रयोगशाळा. तिथल्या खऱ्या कामावर, विद्यार्थ्यांना येणाऱ्या भाषेतून सुरुवात करून, हिशेबाला खरे आणि जगात कुठेही उभे राहतील असे व्यवस्थापक तयार करणं.'

निपाणीच्या त्या मुलाला मी हे आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे चालेल."

पुढची पायरी वरच्या समितीची. तिथं 'येणाऱ्या भाषेतून' या तुकड्यावर दीड तास गेला. एक सदस्य म्हणाले, हे वाचून कंपन्यांना वाटेल की इथं इंग्रजी शिकवत नाहीत. दुसऱ्यांना भीती, की भाषेचं नाव काढलं की इथं लगेच राजकारण होतं. ती भीती खोटी नाही. १९५६ पासून या जिल्ह्यात भाषा हा दुखरा भाग आहे, आणि मी मराठी, म्हणून माझ्या तोंडून तो तुकडा वेगळाच ऐकू आला असता. तेव्हा कन्नड सर उठले. त्यांनी चिकोडीच्या मुलीच्या तोंडी परीक्षेची गोष्ट सांगितली, आणि पाठोपाठ बैलहोंगलच्या एका मुलाची, जो कापसाच्या भावाचं गणित कन्नडातच नीट सांगू शकला होता. 'विद्यार्थ्याला येणारी भाषा' म्हणजे कुठली एक भाषा नव्हे, हे त्यांनी सांगितल्यावरच समितीला पटलं. तुकडा राहिला. मराठी मसुद्यात बेळगाव आणि कन्नडात बेळगावी, हेही त्यांनीच एका वाक्यात मिटवलं.

अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो, संलग्न महाविद्यालयाला तो बदलता येत नाही. म्हणून जे आमच्या हातात होतं तेवढंच बदललं. प्रकल्पाच्या यादीत निम्म्याहून जास्त जागा उद्यमबाग, मच्छे, वडगाव आणि तालुक्यातल्या संस्थांना. प्रकल्पाच्या शेवटी अहवालाबरोबर दोन पानांचा एक कागद, त्या उद्योजकाच्या भाषेत, त्याच्या हातात द्यायचा. आणि सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीतल्या कुणीतरी तिथं परत जायचं. सहकाराच्या तीन कायद्यांवर सहा तासांचा वर्ग सचिव स्वतः घेतात. मार्केटिंगमध्ये मी आता कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घेते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा दुकानदार एकाच नावावर विकतात. दोन राज्यांनी मिळून एक नाव कसं जपायचं, यावर आमच्या वर्गात जेवढं भांडण होतं, तेवढं परदेशी बुटांच्या केसवर कधी झालं नाही.

सगळं जमलंय असं नाही. दोन फौंड्रीवाल्यांनी हिशेब दाखवायला नकार दिला, आणि तो त्यांचा हक्क आहे. दोन पानांचा मराठी कागद लिहिताना मुलं इंग्रजीपेक्षा जास्त अडखळतात, कारण असं लिहायची त्यांना कुणी सवयच लावलेली नाही. तो वर्ग मी शनिवारी सकाळी घेते.

ग्रॅनाइटची पाटी काढली. तिच्या जागी साधा छापील फलक आहे, इंग्रजी, कन्नड आणि मराठी, कारण तीन वर्षांनी हे वाक्य पुन्हा तपासायचं ठरलंय आणि दगडावरचं खोडता येत नाही.

परवा काकांचा फोन आला होता. यंदा त्यांच्याकडं गेलेल्या मुलीनं त्यांची सगळी येणी दिवसांप्रमाणं मांडली : ४५ दिवसांच्या आतली, नव्वदपर्यंतची, त्यापुढची. बिलावर उद्यम नंबर छापायला लावला. दोन गिऱ्हाइकांचे पैसे लवकर आले. एकाचे अजून अडकलेत, त्याला काय पत्र लिहायचं ते विचारत होते. मी म्हटलं, पत्र तीच लिहील, मराठीत तुम्हाला दाखवेल आणि मग इंग्रजीत पाठवेल. "खरं तिला जूनपर्यंत ठेवून घ्या," काका म्हणाले. तिची परीक्षा मेमध्ये संपते. तिला विचारून सांगते म्हटलंय.